रंगार गल्लीतली रिकामी चौकट

रंगार गल्लीतल्या घरांना अंगण नव्हते, ओटे होते. ओट्यांपुढे रस्ता होता आणि तो सार्वजनिक असल्यामुळे तिथे राहणाऱ्यांखेरीज सर्वांचा होता. गल्लीच्या एका तोंडाला भोरगव्हाणच्या मोंढ्याची कमान, दुसऱ्या तोंडाला बँक आणि मधोमध हाडांच्या डॉक्टरांचा दवाखाना. मोंढ्यात कापूस विकायला आलेला माणूस गाडी गल्लीत लावी. बँकेत आलेला गल्लीत लावी. ज्याचे कुठेच काम नसे तो, एवढे लोक लावतात त्या अर्थी लावण्याची जागा हीच असणार, असे समजून लावी.

गल्लीतच राहणाऱ्या मुंजाजी गिराम यांची याबद्दल कधी तक्रार नव्हती. कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादमकी करण्यात त्यांची उमर गेली होती आणि माणसांच्या, गाठींच्या, बैलगाड्यांच्या गर्दीतून वाट काढायची त्यांना सवय होती. दारासमोरच्या मोटारसायकली थोड्या इकडे, थोड्या तिकडे सरकवून ते बाहेर पडत आणि परत येईपर्यंत त्या जागी दुसऱ्या आलेल्या असत.

त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा मात्र पंचाईत झाली. आठवड्यातून दोनदा त्यांना परभणीला डायलिसिसला न्यावे लागे. मुंजाजींनी त्यासाठी एक जुनी व्हॅन घेतली. सीट मऊ होती, दार सरकते होते, फक्त ती दारापर्यंत येत नव्हती. व्हॅन बँकेकडच्या तोंडाला, जुन्या जकात नाक्यापाशी उभी राही आणि पार्वतीबाई सुजलेल्या पायांनी गल्ली चालत जात. मधे शेजारच्या मालनबाईंच्या ओट्यावर टेकत, पुढे योगीराजच्या ओट्यावर टेकत आणि व्हॅनपाशी पोचल्यावर म्हणत, "आता परभणी लय जवळ वाटायली."

एकदा त्यांना योगीराजच्या ओट्यावरून बराच वेळ उठताच आले नाही. मुंजाजी शेजारी बसून राहिले. समोर एका अनोळखी मोटारसायकलवर एक अनोळखी माणूस मोबाइल पाहत निवांत बसला होता. दुसऱ्या दिवशी मुंजाजी नगरपालिकेत गेले.

वाहनतळ विभागात भागवत नावाचा लिपिक होता. वाहनतळ विभागाला वाहनतळ नव्हता, पण विभाग होता. भागवतने सगळे नीट ऐकून घेतले. तो मनाने वाईट नव्हता. त्याला फक्त नियम पाठ होते.

"काका, सोय हाय," तो म्हणाला. "निवासी वाहनतळ परवाना. वरून आलेली योजना हाय. चार पांढऱ्या पट्ट्यांची चौकट मारून मिळती, तिच्यात दुसऱ्यानं गाडी लावली की दंड. आजपस्तोर कुणी मागितलीच न्हाई."

"मग मला द्या की."

"एकट्याला न्हाई देता येत. गल्लीची मागणी पायजे. एकट्याची ती अडचण, गल्लीची ती समस्या. आमी समस्येवर काम करतो."

मुंजाजींनी गल्लीची बैठक बोलावली. ज्यांच्याकडे चारचाकी होती त्यांनी सह्या केल्या. ज्यांच्याकडे नव्हती त्यांनीही केल्या, कारण सरकार काही देत असताना आपण मागितले नाही असे नंतर वाटायला नको. शेळ्या पाळणाऱ्या मालनबाईंनी अंगठा उठवण्याआधी एवढेच विचारले, "चौकटीत शेळ्या बांधल्या तर चालतंय का?" विमा एजंट योगीराजने त्यांना समजावले, "आत्या, आधी मंजूर तर होऊ द्या."

मग पाहणी आली. पाहणीची जीप गल्लीच्या तोंडाशी थांबली, आत शिरायला जागा नाही हे पाहून परत गेली आणि अहवालात लिहिले की पाहणी होऊ शकली नाही. दुसऱ्यांदा ती मोंढा आणि बँक दोन्ही बंद असताना, भर दुपारी आली. या वेळी सहज आत शिरली आणि अहवालात लिहिले की गर्दी आढळली नाही. मुंजाजींनी भागवतला विचारले की गर्दी असेल तर पाहणी आत येत नाही आणि पाहणी आत आली तर गर्दी नसते, यावर करायचे काय. या प्रश्नाला नियमात उत्तर नव्हते आणि त्यामुळे तो खरोखर अस्वस्थ झाला. शेवटी योगीराजने पाहणीच्या साहेबांना कमानीपासून पायी आणले. वाटेत एका मोटारसायकलचे हँडल साहेबांच्या पोटात घुसले आणि समस्या अधिकृत झाली.

परवाने मंजूर झाले. गल्लीच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या चौकटी मारल्या गेल्या, प्रत्येक घरापुढे एक. बाहेरच्या गाड्यांना दंड लागू लागला तसे मोंढ्याचे आणि बँकेचे लोक शेजारच्या गल्लीत गेले आणि शेजारच्या गल्लीत बैठक बोलावली गेली. मुंजाजींनी व्हॅन पहिल्यांदा दारात उभी केली. पार्वतीबाई ओट्याची पायरी उतरल्या आणि थेट सीटवर बसल्या. व्हॅन गल्लीतून बाहेर पडेपर्यंत त्या दोन्ही बाजूंच्या ओट्यांकडे पाहत राहिल्या, जणू वरातीतून चालल्या आहेत. मुंजाजींना त्या दिवशी रस्त्यातले खड्डेसुद्धा जाणवले नाहीत.

संध्याकाळी परत आले तेव्हा भिंतीवर कागद चिकटवलेला होता. तपासणीच्या वेळी वाहन चौकटीत आढळले नाही. वाहनतळाची गरज नसल्याचे गृहीत का धरू नये, याचा खुलासा करावा.

"गाडी बायकोला घेऊन दवाखान्यात गेलती," मुंजाजींनी भागवतला सांगितले. "तिच्यासाठीच तर घेतली हाय."

"तेच तर म्हणायलोय काका. गाडी गेली म्हंजी जागा रिकामी ऱ्हायली. रिकामी ऱ्हायली म्हंजी गरज न्हाई."

"अहो, पण गाडी फिरणारच की."

"फिरायचं लायसन आरटीओ देतंय. आमचा परवाना उभं ऱ्हायचा हाय." भागवतने आवाज खाली आणला. "तुमचं कारण मला पटतंय. पण तपासणीला कारण दिसत न्हाई, गाडी दिसती. आणखी एकदा नसली तर परवाना रद्द, अन् पुन्हा मागता येत न्हाई."

"मग तपासणी कोणत्या वारी असती तेवढं तरी सांगा."

"ते सांगितलं तर तपासणीच्या दिवशी सगळेच गाड्या जागेवर ठेवतील."

"ठेवावं असंच तर तुमाला वाटतंय."

"वाटतंय," भागवत म्हणाला, "पण आमाला ते अचानक आढळलं पायजे."

मुंजाजी घरी आले आणि व्हॅनकडे पाहत ओट्यावर बसले. परवाना गेला तर पुन्हा जकात नाका आणि पुन्हा ते चालणे. परवाना टिकवायचा तर व्हॅन हलवता येत नाही. त्यांनी रीतसर निर्णय घेतला: व्हॅन दारात उभी राहील आणि परभणीला ऑटोने जायचे. आता गल्लीच्या दोन्ही अंगांना सलग गाड्या उभ्या असल्यामुळे ऑटो आत येत नव्हता. तो जकात नाक्यापाशी थांबे. पार्वतीबाई स्वतःच्या व्हॅनच्या बाजूने अंग चोरून निघत आणि मालनबाईंच्या ओट्यावर टेकत.

"गाडी दारात आली हे बरं झालं बगा," त्या म्हणत. "निदान बाहेर पडताना धरायला हाय."

गल्लीतल्या इतरांनाही तसाच खुलासा मागणारा कागद आला होता आणि त्यांनीही हाच निर्णय घेतला. एकामागून एक गाड्या थांबल्या. ज्यांच्याकडे गाडी नव्हती त्यांची निराळीच घाई होती, कारण मुदतीत वाहन न आणल्यास चौकट परत जाणार होती. मालनबाईंनी चौकटीत शेळ्या बांधून पाहिल्या. तपासणीने शेळ्या वाहन या व्याख्येत बसत नसल्याचे कळवले. त्यावर मालनबाईंनी येलदरीकडच्या एका ठेकेदाराकडे गवतात पडलेली बिनइंजिनाची जीप ओढून आणवली आणि शेळ्या जीपमध्ये बांधल्या. तपासणीला जीप आढळली. शेळ्यांचा उल्लेख 'प्रवासी' असा झाला. मग तर देवगाव फाट्याच्या भंगारवाल्याला गल्लीतून रोज फोन जाऊ लागले. त्याने गिऱ्हाइकाला विचारायचा प्रश्नही बदलला. चालू पाहिजे का, असे न विचारता तो, किती रुंद पाहिजे, असे विचारू लागला.

चौकटीला मान आला. सेलूच्या एका स्थळाने योगीराजच्या धाकट्या भावाला पसंत करताना मुलाच्या पगाराआधी घरापुढच्या चौकटीची चौकशी केली. योगीराजची स्वतःची कार चांगली चालू होती, पण उभ्या गाडीला इंजिनाचा उपयोग काय, म्हणून तो इंजिन विकण्याच्या विचारात होता. नगरपालिकेनेही दखल घेतली. जिच्यात चालती वाहने अडून राहतात तिला वाहतूक कोंडी म्हणतात. रंगार गल्लीत एकही वाहन चालत नव्हते, सबब कोंडी नव्हती. भोरगव्हाणमधली पहिली कोंडीमुक्त गल्ली म्हणून तिचे नाव वर पाठवण्यात आले.

थंडीत एका सकाळी पार्वतीबाईंना श्वास पुरेना. ओठ काळसर झाले आणि बोलता येईना. मुंजाजींनी अँब्युलन्सला फोन केला. ती आली, आणि जकात नाक्यापाशी उभी राहून नुसता भोंगा वाजवत राहिली. मुंजाजी धावत व्हॅनपाशी गेले. चावी फिरवली. इतके महिने न हललेल्या व्हॅनने साधा खोकलासुद्धा काढला नाही.

ते योगीराजच्या दारात गेले. "तुझी गाडी तेवढी बाहेर काढ. एवढी एक निघाली की अँब्युलन्स निदान इथपर्यंत येती."

योगीराजचा चेहरा खरोखर उतरला. त्याचे पार्वतीबाईंवर प्रेम होते. लहानपणी त्याने त्यांच्या हातच्या ज्वारीच्या धपाट्यांवर कितीतरी दिवस काढले होते. "काका, काढली असती. पण आज तपासणी हाय म्हणून कुणीतरी बोलायलंय. लग्न तोंडावर आलंय, अन् चौकट बोलणीत धरलीय." मग तो घाईने म्हणाला, "पण मी येतो की. काकूंला उचलून नेऊ. मी खांदा देतो."

"खांदा नगं रे," मुंजाजी म्हणाले. "वाट दे."

गाडी हलली नाही, पण माणसे धावून आली. गल्ली मनाने चांगलीच होती. पार्वतीबाईंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवले, चौघांनी खुर्ची उचलली आणि जिथे दोन गाड्यांमधून खुर्ची जाईना तिथे ती डोक्यावर घेतली. मालनबाईंच्या जीपवरून खुर्ची पलीकडे देताना शेळ्यांनी माना वर केल्या. ज्याच्या गाडीच्या टपाला खुर्चीचा पाय घासला त्याने घासल्याचे पाहिले आणि काही बोलला नाही. त्या दिवशी गल्लीत सगळ्यात मोठा त्याग तोच झाला. तपासणी आली नाही.

पार्वतीबाई वाचल्या. परभणीच्या वॉर्डात तोंडावरचा मास्क निघाल्यावर त्यांनी पहिल्यांदा नवऱ्याकडे पाहिले. मुंजाजी त्यांचा हात धरून बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होते.

"रडायलात कशाला," त्या म्हणाल्या. "लग्न होऊन आले तवा बैलगाडी पार ओट्याला लागली व्हती. आता खुर्चीत बसून साऱ्या गल्लीच्या डोक्यावरून निघाले. मान वाढलाच की माजा."

मुंजाजींना ते हसण्यावारी नेता आले नाही. घरी परतल्यावर त्यांनी पुन्हा गल्लीची बैठक बोलावली. पहिली बैठक बोलावणारे आपणच, हे ते कुणी न विचारता बोलले. मग म्हणाले, "एक चौकट रिकामी ठेवू. जकात नाक्याकडून आत आलेली अँब्युलन्स तिथं थांबंल. आज माझ्या घरी पायजे, उद्या कुणाच्याबी."

गल्लीला मनातून लाज वाटत होती, म्हणून ठराव एकमताने झाला. कोणाची चौकट, यावर मात्र सगळे आपापल्या नखांकडे पाहू लागले. मालनबाई म्हणाल्या, "माजी घ्या. पर शेळ्या कुठं नेऊ?"

"माझीच ठेवू," मुंजाजी म्हणाले. व्हॅन त्यांनी वाटेतल्या गाड्या इकडे-तिकडे सरकवत, ढकलत बाहेर काढली आणि मिळेल त्या भावाला विकून टाकली. डायलिसिसच्या दिवशी परभणीच्या दवाखान्याची गाडी दारात येईल, असे त्यांनी ठरवून घेतले. मालनबाईंनी कुणाला न विचारता जीप तिरपी करून आपल्या भिंतीला टेकवली, योगीराजने कार ओट्याला घासेपर्यंत आत घेतली, बाकीच्यांनीही आपापल्या गाड्या भिंतीकडे सरकवल्या, आणि नाक्यापासून मुंजाजींच्या दारापर्यंत एका गाडीपुरती वाट झाली.

भागवतने ठराव वाचला आणि डोके धरले. "काका, रिकाम्या चौकटीची तरतूद न्हाई. चौकट कोणत्या तरी वाहनाच्या नावानं पायजे. न्हाईतर ती विनापरवाना रिकामी ठरती."

"अँब्युलन्सच्या नावानं करा."

"कोणत्या अँब्युलन्सच्या?"

"जी येईल तिच्या."

भागवत आत गेला, मुख्याधिकाऱ्यांशी बोलला आणि बाहेर आला तेव्हा तो चक्क हसत होता. चौकट 'संभाव्य रुग्णवाहिका' या नावाने मंजूर झाली होती. शिवाय राखीव रिकामी जागा असणारी ही बहुधा पहिलीच गल्ली असल्यामुळे साहेबांना तिचे रीतसर उद्घाटन करायचे होते. तारीख त्यांच्या सोयीची निघाली. तो पार्वतीबाईंच्या डायलिसिसचा दिवस होता. मुंजाजींनी हरकत घेतली नाही. दवाखान्याची गाडी दारात येणार होती आणि ती आलेली चार लोकांनी पाहिली तर त्यांना हवेच होते.

मोंढ्याच्या बाजूला मंडप पडला. पट्ट्यांवर नवा रंग चढला, चौकटीभोवती रांगोळी निघाली. गाव लोटले. शेजारच्या गल्लीतले लोक आले, बँकेतले आले, मोंढ्यातले आले. आपल्या गावात काहीतरी चांगले होते आहे याचे सर्वांना कौतुक होते. प्रमुख पाहुण्यांची गाडी जकात नाक्याकडून आत आली. चालकाने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. पूर्ण गल्लीत एकच जागा रिकामी होती. त्याने गाडी अलगद, रांगोळी शक्यतो न मोडता, त्या जागेत घातली. पाहुणे उतरले, फीत कापली गेली आणि टाळ्या झाल्या.

मुंजाजी चालकापाशी गेले. "ही जागा रिकामी ठेवायची हाय."

"ठेवू की," चालक अदबीने म्हणाला. "साहेबांचं भाषण झालं की लगेच रिकामी करतो."

भाषण चालू असताना दवाखान्याच्या गाडीच्या चालकाचा फोन आला. तो नाक्यापाशी आला होता. आत येता येत नव्हते. आणि येता आले असते तरी थांबता आले नसते. पार्वतीबाई पहिल्या रांगेत, सत्काराची शाल अंगावर घेऊन बसल्या होत्या. मुंजाजींनी त्यांच्या कानात सांगितले. त्या खुर्चीच्या हाताला धरून उठल्या. पाहुण्यांना वाटले त्या आभार मानायला उठल्या; त्यांनी भाषण थांबवून हात जोडले आणि मंडपाने पुन्हा टाळ्या वाजवल्या. टाळ्यांतून वाट काढत दोघे निघाले.

नाक्यापाशी पोचायला त्यांना बराच वेळ लागला. दवाखान्याची गाडी दिसत होती, पण कार्यक्रमाला आलेल्यांच्या मोटारसायकली तिच्या पुढे, मागे आणि दाराला लागून उभ्या होत्या. दार उघडत नव्हते. हँडल लॉक असल्यामुळे त्या सरकवताही येत नव्हत्या. पार्वतीबाई एका मोटारसायकलच्या सीटवर टेकल्या आणि डोळे मिटून श्वास घेऊ लागल्या. मुंजाजी परत मंडपाकडे धावले आणि त्यांनी भागवतच्या कानाशी लागून सांगितले.

भागवतने माईक हातात घेतला. नाक्यापाशी रुग्णाच्या गाडीला अडथळा होतो आहे, ज्यांनी तिथे गाड्या लावल्या असतील त्यांनी कृपया ताबडतोब काढाव्यात, असे त्याने स्वच्छ आवाजात सांगितले. मग पुन्हा सांगितले.

मंडपात चुळबुळ झाली. लोकांनी माना वळवल्या आणि असा बेजबाबदार माणूस कोण, हे पाहण्यासाठी ते एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. एक बाई हळहळून चुकचुकली. मागून कुणीतरी म्हणाले की अशा लोकांना दंडच केला पाहिजे, आणि आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. मुंजाजी व्यासपीठाच्या पायरीवर उभे राहून वाट पाहत होते. उठले कुणीच नाही. आपली गाडी तिथे नसणार, याची तिथे बसलेल्या प्रत्येकाला खात्री होती. आत्ता हे वाचताना तुम्हाला आहे तितकीच.